रविवारचा एक खेळ, पण आठ आठवडे

मराठी चित्रपट लागला की चौथ्या-पाचव्या दिवशी एक व्हिडिओ फिरू लागतो. दिग्दर्शक किंवा नट हात जोडून सांगत असतो : खेळ काढून घेतले, राहिलेत ते सकाळी साडेनऊचे, कृपा करून थिएटरात जा. खाली लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, महाराष्ट्रात मराठीला पडदा मिळू नये ही मल्टिप्लेक्सवाल्यांची मुजोरी आहे. दुसरा म्हणतो, चांगला सिनेमा काढा, लोक आपसूक येतील. हा वाद जर्मनीत बसून वाचताना दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. मात्र दोघेही ज्या गोष्टीबद्दल बोलत नाहीत तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चित्रपट किती आठवडे राहणार?

वाद काही आजचा नाही. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला डावलून दादरचं कोहिनूर थिएटर हिंदी चित्रपट लावायला निघालं, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि मगच ‘सोंगाड्या’ लागला. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणं सक्तीचं करण्याची घोषणा केली. ओरड झाली आणि काही दिवसांतच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ इतकी सैल झाली. दोन्ही वेळा मागणी एकच होती, पडदा द्या आणि चांगली वेळ द्या. मागणी रास्तच आहे, आपल्या राज्यात आपल्या भाषेसाठी कुणाची मनधरणी करावी लागू नये. पण शुक्रवारी मिळालेली संध्याकाळ सोमवारी गेली तर ती मिळून काय उपयोग?

सोमवारी नक्की काय होतं ते पाहू. शुक्रवार ते रविवार किती तिकिटं गेली त्यावर थिएटर पुढचे खेळ ठरवतं. मोठ्या हिंदी चित्रपटाची जाहिरात महिनाभर आधीपासून डोक्यावर आदळत असते, त्यामुळे त्याचा प्रेक्षक पहिल्याच दिवशी येतो. मराठी चित्रपटाची जाहिरात मुख्यतः बघून आलेला माणूस करतो. शनिवारी कुणीतरी बघणार, रविवारी बहिणीला फोनवर सांगणार, ती बुधवारी घरी विषय काढणार आणि येत्या रविवारी सगळे निघणार. या साखळीला आठ-दहा दिवस लागतात. तोवर खेळ एक तर उरलेला नसतो, नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला मंगळवारी दुपारी पावणेदोनला असतो. वेळ रोज बदलत असेल तर ज्येष्ठ नागरिक, लहान मुलं असलेली घरं, लोकलने येणारे लोक ठरवूच शकत नाहीत. मराठी चित्रपटाचा भरवशाचा प्रेक्षक नेमका यांच्यातच आहे.

जर्मनीतही चित्र फार वेगळं नाही. इथे नवे चित्रपट गुरुवारी लागतात, आणि थिएटर व वितरक सोमवारी आकडे समोर ठेवून पुढचा आठवडा ठरवतात. खुद्द जर्मन चित्रपटांच्या वाट्याला इथल्या प्रेक्षकांपैकी साधारण पाव भाग येतो, बाकी मुख्यतः हॉलिवूड. म्हणजे आपल्याच घरात अल्पसंख्य असणं ही एकट्या मराठीची व्यथा नव्हे. फरक छोट्या थिएटरांत दिसतो. इथे ‘प्रोग्रामकिनो’ नावाचा प्रकार जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहे : दोन-तीन पडदे, ऐंशी ते दोनशे खुर्च्या. अशी थिएटरं छोटा चित्रपट रोज चार वेळा लावत नाहीत. रविवारी सकाळी अकरा, नाहीतर सोमवारी संध्याकाळ, असा एक खेळ धरतात आणि तोच पुढे कित्येक आठवडे चालू ठेवतात. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त लोक आले तरी तिथे कुणाला नवल वाटत नाही.

त्यांना हे परवडतं कसं, यातच खरी मेख आहे. जर्मन केंद्र सरकार चांगला वार्षिक कार्यक्रम आखणाऱ्या थिएटरांना दरवर्षी रोख पुरस्कार देतं. १९९२ पासून ‘युरोपा सिनेमाज’ हे जाळं, इतर युरोपीय देशांचे चित्रपट पुरेशा प्रमाणात दाखवणाऱ्या थिएटरांना पैसे देतं. पैसा थिएटरच्या हाती जातो आणि तोही असे चित्रपट दाखवल्याबद्दल. महाराष्ट्रात अनुदान निर्मात्याला मिळतं : ‘अ’ दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख अशी रचना वर्षानुवर्षं चालत आली आहे. म्हणजे निर्मात्याला पैसा आणि थिएटरला हुकूम. हुकूम पाळायचा म्हणून पाळला जातो, आणि सकाळी साडेनऊचा खेळ तिथूनच येतो. अनुदानातला एखादा हिस्सा, मराठी चित्रपट एका ठरलेल्या वेळेला सलग सहा-आठ आठवडे ठेवणाऱ्या थिएटरला मिळाला, तर तोच मालक स्वतःहून रविवारची चांगली वेळ काढून देईल असं मला मनापासून वाटतं. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर घेऊन तो पैसा चित्रपटव्यवसायातच फिरवतात, थिएटरांच्या डागडुजीसकट. दक्षिण कोरियाने सक्तीचा मार्ग धरला. तिथे वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवायचं बंधन होतं, ते २००६ मध्ये ७३ दिवसांवर आलं. सक्तीला राजकीय वारा लागतो तसा पुरस्काराला सहसा लागत नाही.

तरी जर्मनीची नक्कल जशीच्या तशी होणार नाही, आणि कारण भाषेचं आहे. इथे हॉलिवूडचा नट जर्मन बोलतो. आधी कच्चं भाषांतर, मग ओठांच्या हालचालींना जुळणारे संवाद नव्याने लिहिणं (प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात, ते जुळलंच पाहिजे), मग काही सेकंदांचे तुकडे पाडून स्टुडिओत आवाज भरणं, असा इथला पक्का धंदा आहे. मोठ्या नटाचा जर्मन आवाज वर्षानुवर्षं एकच असतो. त्यामुळे चित्रपट परका असला तरी प्रेक्षकाच्या कानावर स्वतःचीच भाषा पडते. मराठी माणसाला हिंदी समजतं, म्हणून हिंदीचं मराठी करायला कुणी पैसे घालत नाही आणि मराठी चित्रपट त्याच शहरात, त्याच पडद्यावर, थेट हिंदीशी झुंजतो. हिंदी चित्रपटसृष्टी मुंबईतच आहे हेही विसरून चालणार नाही. तमिळ-तेलुगूशी आपली तुलना इथे लंगडी पडते.

म्हणून उदाहरण जर्मनीपेक्षा घरचंच घ्यावं. नाटक. शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, बालगंधर्व इथे रविवारी दुपारी चार आणि रात्री साडेआठ या वेळा पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. नाटकाचा निर्माता पहिल्या शुक्रवारी तीनशे प्रयोग लावत नाही. आठवड्याला तीन-चार प्रयोग, एक दौरा, लोक काय म्हणतात त्याचा अंदाज, मग पुढच्या तारखा. शंभरावा प्रयोग जाहिरातीत मोठ्या अक्षरात येतो, कारण टिकणं हाच नाटकाचा मान असतो. चित्रपटालाही एके काळी तोच मान होता. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे. कमाईचा आकडा तेव्हा पोस्टरवर नव्हता, आठवडे होते.

आता हिशेब मांडू. समजा, एक चित्रपट १५० पडद्यांवर रोज एक खेळ असा आठवडाभर चालला. एकूण १०५० खेळ झाले. तोच चित्रपट ४० पडद्यांवर शनिवार, रविवार आणि बुधवारी एकेक खेळ असा आठ आठवडे चालवला तर ४० गुणिले ३ गुणिले ८, म्हणजे ९६० खेळ. खेळांची संख्या जवळपास तेवढीच. पण पहिल्या पद्धतीत सोमवार ते गुरुवारचे ६०० खेळ पडत्या दिवसांचे आहेत. दुसऱ्या पद्धतीत ६४० खेळ शनिवार-रविवारचे, आणि बघून आलेल्याचं बोलणं दुसऱ्याच्या कानी पडून तो तिकीट काढेपर्यंत चित्रपट जागेवर असतो.

अडचणी तीन आहेत आणि तिन्ही पैशाच्या. पहिली, वाट्याची. २००९ च्या निर्माते-मल्टिप्लेक्स संपानंतर हिंदी चित्रपटांसाठी वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३० असा उतरता ठरला. उतरत्या वाट्यात निर्मात्याचं हित पहिल्याच आठवड्यात सगळं ओतण्यात असतं. आठ आठवड्यांच्या करारात वाटा सपाट हवा, समजा ४२ टक्के, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुसरी अडचण डिजिटल प्रक्षेपणाच्या शुल्काची. ते दर पडद्याला एकरकमी दिलं तर कमी खेळांना महाग पडतं. करार खेळागणिक करून घ्यावा. तिसरी ओटीटीची. चार आठवड्यांनी मोबाइलवर येणार हे माहीत असेल तर पाचव्या आठवड्यात थिएटरात कोण जाईल? हिंदीसाठी मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आठ आठवड्यांचं अंतर मागतात. मराठी निर्मात्याने ते स्वतःहून पाळावं आणि ओटीटीच्या करारात तारीख तशी लिहून घ्यावी. जाहिरातीचा पैसाही तसाच वाटून ठेवावा लागेल : निम्मा आधी, निम्मा तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात. आज तो सगळा शुक्रवारच्या आत संपतो.

‘एक खेळ, ठरलेली वेळ’ ही रीत परदेशातली मराठी मंडळी नाइलाजाने पाळतातच. फ्रँकफर्ट, म्युनिक, बर्लिनसारख्या शहरांत मंडळ किंवा चार उत्साही माणसं थिएटरचं सभागृह भाड्याने घेतात आणि रविवारी एक खेळ लावतात. ज्यांना असा खेळ करायचा आहे त्यांच्यासाठी, काय बिघडतं ते सविस्तर सांगते.

चित्रपट ‘डीसीपी’ नावाच्या फाइलसंचात येतो. दोन तासांच्या चित्रपटाचा संच दीडशे ते दोनशे जीबी सहज भरतो, म्हणून इंटरनेटवरून उतरवायला किमान तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत. संच कुलूपबंद असतो. त्याची किल्ली, म्हणजे ‘केडीएम’, काही केबीची छोटी फाइल असते. ती एका सभागृहातल्या विशिष्ट सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारीख-वेळेपुरतीच चालते. सगळ्यात जास्त खेळ इथेच फसतात. थिएटरने ऐनवेळी सभागृह क्रमांक तीनऐवजी क्रमांक पाच दिलं की तीनची किल्ली पाचला लागत नाही, आणि रविवारी सकाळी भारतात फोन उचलायला वितरकाच्या कार्यालयात कुणी नसतं. उपाय सोपा आहे : थिएटरमधल्या सगळ्या सर्व्हरच्या किल्ल्या आधीच मागवा, मुदत आदल्या दिवशी सकाळपासून खेळाच्या मध्यरात्रीपर्यंत घ्या, आणि वेळ भारताची की जर्मनीची ते लेखी विचारा. उन्हाळ्यात दोन्हींत साडेतीन तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेचार.

आदल्या दिवशी दहा मिनिटं तरी चालवून बघायलाच हवं. चित्राची चौकट बरोबर आहे का, सबटायटल कापली जात नाहीत ना, मध्यंतर कुठे आहे. इथल्या प्रोजेक्शनवाल्याला मध्यंतर ही गोष्टच अपरिचित असते, त्याला मिनिट लिहून द्यावं लागतं. आवाजाचंही तेच. थिएटरच्या आवाजयंत्रावर ‘७’ ही प्रमाण पातळी धरून मिश्रण केलेलं असतं; इथली थिएटरं तक्रारी टाळायला पाच किंवा त्याखाली ठेवतात. मग पार्श्वसंगीत ऐकू येतं आणि कुजबुजलेलं वाक्य जातं. संवादांचा एक प्रसंग लावून मागच्या रांगेतून ऐका आणि आकडा ठरवून घ्या.

आणखी एक, जे बहुतेकांना दारात गेल्यावर कळतं. जर्मनीत ‘एफएसके’ची वयोमर्यादेची मोहोर नसलेला चित्रपट जाहीर खेळात फक्त प्रौढांना दाखवता येतो. चित्रपट कितीही घरगुती असो, मोहोर नसेल तर मुलांना आत सोडता येत नाही. मराठी कुटुंब मुलांना सोडून येत नाही, म्हणजे चार तिकिटं बुडाली. वितरकाला पहिला प्रश्न हाच विचारावा.

पैशाचं गणित साधं आहे. समजा, १२० खुर्च्यांचं सभागृह ६०० युरोला, चित्रपटाच्या हक्काची किमान रक्कम ५०० युरो आणि किरकोळ खर्च १०० युरो. बारा युरोचं तिकीट असेल तर शंभर माणसांनी खर्च निघतो. शंभर मराठी माणसं एका रविवारी एका जागी आणणं कठीण असतं, पण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, त्याच थिएटरात, त्याच वेळी खेळ असतो हे एकदा ठाऊक झालं की चौथ्या-पाचव्या खेळापासून फोन करत बसावं लागत नाही. सवय लागलेली असते.

आता सबटायटलबद्दल, कारण परदेशातला मराठी चित्रपट निम्मा तिथेच तरतो किंवा बुडतो. दोन ओळी, एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं, सेकंदाला पंधरा-सतरा अक्षरांचा वेग, कमीत कमी एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात सेकंद मजकूर पडद्यावर. ही मापं जगभर थोड्याफार फरकाने पाळतात. आपल्याकडे बऱ्याचदा संवादाचा शब्दन्‌शब्द भाषांतरित करून ओतलेला असतो. प्रेक्षक वाचतच राहतो आणि नटाचा चेहरा बघायचा राहून जातो. पांढरी अक्षरं पांढऱ्या सदऱ्यावर हरवतात, कारण काळी कड द्यायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

नुकसान मात्र नात्यांचं जास्त होतं. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींची इंग्रजीत एकच बाई होते. ‘अहो’चं काही होतच नाही. आपल्या किती चित्रपटांत बायको नवऱ्याला पहिल्यांदा ‘अरे’ म्हणते त्या क्षणी गोष्ट वळते! इंग्रजी सबटायटलमध्ये तो क्षण दिसतच नाही. जर्मनमध्ये तो दिसू शकतो. जर्मनमध्ये ‘दू’ आणि ‘झी’ आहेत, आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ इतकेच धारदार, आणि कुणी कुणाला कधी ‘दू’ म्हणायचं यावर इथेही माणसं विचार करतात. पण जर्मन सबटायटल इंग्रजी सबटायटलवरून केली जातात, म्हणून मराठीत असलेलं आणि जर्मनला झेपणारं, मधल्या इंग्रजीत गळून जातं. भाषांतरकाराला मूळ मराठी संवादांची प्रत द्यावी आणि सोबत एका पानावर पात्रांची नाती व कोण कोणाला कसं हाक मारतं ते लिहून द्यावं. एका संध्याकाळचं काम आहे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मराठी बोली सबटायटलमधून परक्या प्रेक्षकाच्या काळजापर्यंत जाते याचा याहून मोठा दाखला कुठला हवा?

मालिकांचा वाद निराळा दिसतो, पण मुळाशी तीच वेळेची गोष्ट आहे. घरी तक्रार असते की मराठी मालिका ताणतात, पात्रं अचानक दुष्ट होतात, मेलेली परत येतात. लेखकांना शिव्या देऊन काही होणार नाही. आठवड्याला सहा भाग, बावीस मिनिटांचे, म्हणजे वर्षाला तीनशे भाग आणि एकशेदहा तास. चित्रीकरण झालेल्या भागांची ‘बँक’ कधी चार दिवसांची असते, कधी एकाच दिवसाची. दर गुरुवारी ‘बार्क’चे, म्हणजे प्रेक्षकसंख्येचे, आकडे येतात आणि शुक्रवारी कथानक वळवलं जातं. या वेगात चांगला प्रसंग लिहिला गेलाच तर तो लेखकाचा पराक्रम समजावा.

जर्मनीत ‘टाटोर्ट’ ही गुन्हेकथांची मालिका १९७० पासून रविवारी रात्री सव्वाआठला लागते. नव्वद मिनिटांचा पूर्ण चित्रपट, वर्षाला पस्तीसच्या आसपास. प्रत्येक प्रादेशिक वाहिनीचं आपलं शहर, आपले पोलीस : म्युनिक, कोलोन, म्युन्स्टर, कील. एका जोडीच्या वाट्याला वर्षाला एक ते तीन भाग येतात, त्यामुळे लिहायला महिने मिळतात. लोक ते बघायला बिअरबारमध्ये एकत्र जमतात, आणि सोमवारी ऑफिसात त्यावर बोलतात. हा पैसा प्रत्येक घराकडून महिन्याला १८.३६ युरो सक्तीने घेतलेल्या वर्गणीतून येतो. तो कर आपल्याकडे कुणी भरणार नाही, हे उघड आहे. पण शहरांची वाटणी घ्यायला काय हरकत आहे? नागपूर, मालवण, जळगाव, सोलापूर अशी चार शहरं, प्रत्येकी तीन भाग, त्या त्या बोलीत, शनिवारी रात्री नऊला. बारा आठवडे. दूरदर्शनच्या काळात आपण तेरा भागांच्या साप्ताहिक मालिका बघत होतो आणि आठवडाभर वाटही बघत होतो. वऱ्हाडी किंवा अहिराणी संवादांना खाली मराठी सबटायटल दिली तरी कुणाचा अपमान होणार नाही. इथे बधिर प्रेक्षकांसाठी सार्वजनिक वाहिन्या जर्मन कार्यक्रमांना जर्मनच सबटायटल देतात, आणि ऐकू येणारेही ती सर्रास लावतात.

चित्रपटाचा आठ आठवड्यांचा प्रयोग कुणी करणार असेल तर जून महिन्याचा तिसरा शुक्रवार धरावा. मार्चअखेरीपासून मेपर्यंत आयपीएल असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, आणि पंधरा ऑगस्टला मोठे हिंदी चित्रपट येतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून त्यांच्या आधी साधारण आठ आठवडे मिळतात. वेळ रविवारी सकाळी साडेअकराची ठेवावी. दोन वाजता माणसं मोकळी होतील, घरी जाऊन जेवतील, आणि ज्यांना चारचं नाटक गाठायचं आहे त्यांचं तेही चुकणार नाही.